गंजावर जगणारे

पँट गुडघ्यापर्यंत दुमडा, चपला काठावरच राहू द्या. 1980च्या दशकाचा मध्य आहे, पुढ्यात पोटोमॅक नदी आहे आणि वॉशिंग्टन शहर वरच्या अंगाला मागे राहिलं आहे. शहराची घाण, कुजका पाचोळा, पुराची माती असं सगळं वाहत येऊन इथे बसतं. आता चिखलात हात घाला. वरचा पातळ थर तांबूस, त्याखाली एकदम काळा. हे दोन रंग नीट बघून ठेवा, आजची बरीचशी भटकंती तांबड्याचं काळं कसं होतं ते बघण्यातच जाणार आहे.

तांबडा रंग गंजाचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा. खालच्या काळ्या थरात हवा पोचत नाही, आणि तिथे जे कोणी राहतं त्याच्यापुढे एक जुनी अडचण असते. सकाळी तुम्ही पोहे खाल्लेत. त्या पोह्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन तुमच्या पेशींनी शेवटी ऑक्सिजनच्या गळ्यात मारले. श्वास श्वास म्हणतात तो मुळात एवढाच: अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. ऑक्सिजन नसेल तर दुसरं गिऱ्हाईक शोधायचं. चिखलातल्या काही जिवाणूंनी गंज शोधला. पण गंज पडला घन, तो काही पेशीच्या आत ओढून घेता येत नाही. मग भरलेल्या लोकलच्या दारातल्या माणसाने आतल्यांची बोचकी हातोहात फलाटावर उतरवावीत, तसे हे जिवाणू आपले इलेक्ट्रॉन भिंतीबाहेर पोचवतात. गंजाला ते मिळाले की त्याचं रूप पालटतं, आणि रंगही.

हात धुऊन घ्या. आता नदीपासून जवळच, व्हर्जिनियातल्या रेस्टन गावी, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत जायचं आहे. साल 1987. डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटोमॅकच्या गाळातून एक जिवाणू वेगळा काढला आहे. त्याला अजून धड नावही नाही, नुसता क्रमांक आहे: जीएस-15. जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसन्स हे बारसं व्हायला 1993 उजाडणार आहे. रबरी बूच घट्ट बसवलेली नळी उजेडात धरा. जिवाणू घालण्याआधी आत तांबडा गाळ होता, आता तो काळा आहे. खिशातला लोहचुंबक काढा (आणलाय ना?) आणि काचेला टेकवा. काळी पूड आतून सरसरत चुंबकाच्या बाजूला येऊन चिकटते. जिवाणूने गंजाचं मॅग्नेटाइट केलं आहे, तेही पेशीच्या बाहेरच्या बाहेर. चुंबक डावीकडून उजवीकडे फिरवा, पूड मुकाट मागे येते. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो, कारण त्यात कुठलंही यंत्र लागत नाही.

चार वर्षं पुढे सरका, खोली तीच राहू द्या. 1991. लव्हलींच्या गटाने गंजाच्या जागी विरघळलेलं युरेनियम ठेवून बघितलं. पाण्यात विरघळतं ते सहा-संयुजी युरेनियम. त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की ते चार-संयुजी होतं, आणि चार-संयुजी युरेनियम पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तळाला बसतं. जिवाणूला युरेनियमशी काही देणंघेणं नाही. त्याला इलेक्ट्रॉन खपवायचे होते, गंजाऐवजी हे गिऱ्हाईक भेटलं इतकंच. पण पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाला यात एक दार दिसलं. धातूचं विष जाळता येत नाही, कुजवता येत नाही. रॉकेल सांडलं तर जिवाणू त्याचे तुकडे करून कार्बन डायऑक्साइड करून टाकतील. युरेनियम, कॅडमियम, पारा यांचं तसं होत नाही. मूलद्रव्य ते मूलद्रव्यच राहणार. त्याला फार तर पाण्यातून काढून दगडावर बसवता येतं.

तर कुठल्या पाण्यातून? त्यासाठी मागे, 1950 मध्ये चला.

कोलोरॅडो राज्याचा पश्चिम भाग, रायफल नावाचं गाव. उत्तरेला उघडेबोडके डोंगर, दक्षिणेला कोलोरॅडो नदी, आणि गावाच्या पूर्वेला नदीला चिकटून एक गिरणी. पिठाची नव्हे, खनिजाची. 1924 ते 1932 इथे व्हॅनेडियम काढलं, मग गिरणी बंद पडली, महायुद्धाने 1942 मध्ये पुन्हा उघडली. पोलादाला बळकटी आणायला व्हॅनेडियम हवं होतं, आणि त्याच खनिजात युरेनियमही होतं. आता दोन्ही निघतात. नाकाला रुमाल लावा. आत खनिज दळतात, भाजतात, धातू विरघळवून काढून घेतात, आणि उरलेला चुरा पाण्याबरोबर बाहेर नदीकाठच्या ढिगावर सोडतात. खनिजातला धातू शेकड्यात नगण्य, त्यामुळे आत जितकं आलं जवळपास तितकंच बाहेर पडतं. ढिगाशी वाका, मूठभर उचला. बारीक, स्वच्छ, हातातून सुळकन निसटणारी रेती. कुठल्याही गवंड्याला मोह पडावा अशी. मोह पडलाही: इथून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला ग्रँड जंक्शन शहरात तिथल्या गिरणीची अशीच रेती हजारो घरांच्या पायाखाली आणि अंगणात गेली, आणि मग सरकारला ती घरोघरी जाऊन उकरून काढावी लागली. हातातली टाका आता.

ढिगावर पडलेल्या पावसाकडे मात्र इथे कुणाचं लक्ष नाही. पाणी रेतीतून झिरपतं, उरलंसुरलं युरेनियम कार्बोनेटच्या साथीने विरघळवतं आणि खाली भूजलात घेऊन जातं. भूजल सावकाश नदीकडे सरकतं. गिरणी 1958 मध्ये बंद झाली, पण पाण्याला ते कळवलं नाही कुणी.

पुढचं भरभर बघून घ्या. 1978 मध्ये असे ढीग आवरण्याचा कायदा झाला. 1992 ते 1996 या काळात ढीग उचलून गावाच्या उत्तरेला एस्टेस गल्च नावाच्या घळीत नेऊन पुरला, वर माती आणि दगडांचं जाड झाकण घातलं. नियम सांगतो की असं झाकण जमेल तर हजार वर्षं, निदान दोनशे वर्षं टिकलं पाहिजे. हे वाचून तुम्ही हसू नका, नियम लिहिणाऱ्याला काहीतरी आकडा घालावाच लागतो. ढीग गेला तरी खालचं पाणी तसंच राहिलं. त्याच्यासाठी ठरलं ते असं की नदीकडे वाहता वाहता ते आपोआप धुऊन निघेल, आणि त्याला शंभर वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर विहिरी खणायच्या नाहीत, नमुने काढत राहायचं.

आता 2002 चा उन्हाळा. कोलोरॅडोत कडक दुष्काळ आहे, पूर्वेला ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळ जूनमध्ये वणवा भडकला आहे. गिरणीच्या जागी मोकळं माळरान, आणि मधूनमधून जमिनीतून डोकावणारे नळ. हे नळ महत्त्वाचे. एका ओळीतून जमिनीत अ‍ॅसिटेट सोडतात, म्हणजे शिरक्यातल्या आम्लाचं मीठ, आणि पाणी कुठे पोचलं हे कळावं म्हणून त्यात थोडं ब्रोमाइड. उतारावरच्या बाकीच्या नळांतून नमुने उपसतात. बस्स. जिवाणू बाहेरून आणलेले नाहीत. ते इथेच आहेत, फक्त उपाशी आहेत.

तुम्हाला नळातून खाली जायचं आहे, तेव्हा आकाराने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके व्हा. तीनेक मीटर कोरडी माती, मग पाणी. गोटे, खडी, वाळू, आणि वाळूच्या प्रत्येक कणावर तांबडं पुट. अंधार पक्का आहे. वाहणं इतकं संथ की ते जाणवतही नाही. प्रत्येक लिटर पाण्यात साधारण 95 ते 330 मायक्रोग्रॅम युरेनियम आहे, सरकारी मर्यादा 44 ची. जवळच एक जिओबॅक्टर वाळूच्या कणाला टेकून आहे. फुगलेला नाही, विभागत नाही, कसाबसा टिकून आहे. आणि मग वरच्या अंगाने अ‍ॅसिटेटची पहिली लाट येते.

उपाशी वस्तीत अन्न पोचल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एकाचे दोन, दोनाचे चार. वाळूवरची पुटं माणसं भरल्यासारखी भरून जातात. प्रत्येक जण अ‍ॅसिटेट खातो आणि इलेक्ट्रॉन गंजावर ओततो. जवळून वाहणाऱ्या युरेनियमलाही जाता जाता दोन मिळतात आणि ते बसतं. पेशीच्या आत नव्हे, बाहेर, कारण आत बसलं तर जिवाणूचाच जीव जायचा. हे ओतायचं काम जिवाणूच्या अंगातून निघालेले बारीक तंतू करतात. 2002 मध्ये तुम्ही ते बघताय खरे, पण त्यांचं हे काम वरच्या माणसांना अजून कळलेलं नाही. ते वीज वाहून नेतात हे 2005 मध्ये जाहीर होईल, आणि 2019 मध्ये येल विद्यापीठातल्या निखिल मालवणकर यांच्या गटाला दिसेल की हा तंतू म्हणजे लोहयुक्त प्रथिनांची एकमेकांत गुंफलेली माळ आहे. तुमच्या बाजूने आत्ता काहीतरी सटकन गेलं का? तेही लक्षात ठेवा. इथल्या पाण्यात जिवाणूंच्या मानानेही खुजे असे जीव आहेत, जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही निसटणारे. कॅलिफोर्नियातल्या जिल बॅनफील्ड यांचा गट पुढे याच माळरानातलं पाणी आणखी बारीक गाळणीने गाळेल, आणि 2015 मध्ये कळेल की जिवाणूंच्या साम्राज्याचा पंधरा टक्क्यांहून मोठा हिस्सा आजवर मोजणीतच नव्हता. युरेनियम धुवायला गेलेल्यांना वंशवृक्षाची एक अख्खी फांदी सापडली. अशी लॉटरी ठरवून लागत नाही.

अ‍ॅसिटेट सोडल्यावर नवव्या दिवसापासूनच काही नळांतलं युरेनियम घटायला लागतं. पन्नास दिवसांच्या आत काही ठिकाणी ते मर्यादेच्या खाली येतं. वर जाऊन टाळ्या वाजवाव्यात असं वाटेल, पण जरा थांबा, नळाच्या तोंडाशी काय चाललंय ते बघून जा.

तिथल्या वाळूवरचं तांबडं पुट संपत आलं आहे. जिओबॅक्टरने आपल्याजवळचा गंज वापरून टाकला आणि त्याची सद्दी संपली. आता दुसरी टोळी शिरते: सल्फेटवर श्वास घेणारे. रायफलच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे यांची चैन. अ‍ॅसिटेट नळातून आत आल्या आल्या हेच फस्त करतात, पुढच्या जिओबॅक्टरपर्यंत पोचतच नाही. या नव्या मंडळींना इथल्या युरेनियमची फारशी गरज नाही. नमुन्यांतला आकडा पुन्हा चढू लागतो.

आता वर या आणि पाणी प्या, बाटलीतलं.

यावरून हा प्रयोग फसला असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. उघड्या माळरानाखाली, न खणता, न उपसता, तिथल्याच रहिवाशांना जेवू घालून विष पाण्यातून बाजूला काढता येतं हे त्या उन्हाळ्यात दिसलं, आणि कुणाला कधी आणि किती वाढायचं हा प्रश्न कारागिरीचा आहे हेही दिसलं. पण बातम्यांमधलं ‘जिवाणूंनी युरेनियम खाल्लं’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात जातं. कुणी काही खाल्लं नाही. ते तिथेच, वाळूच्या कणावर बसून आहे. उद्या नदीला पूर आला, भूजल वर चढलं, ऑक्सिजन किंवा शेताचं नायट्रेट खाली पोचलं, की चार-संयुजीचं सहा-संयुजी होणार आणि ते पुन्हा चालायला लागणार.

आणि हाच श्वास दुसऱ्या गावात उलटा लागतो. जास्त लांब नाही, 2004 चा पश्चिम बंगाल. हापशाचा दांडा दोनदा खाली-वर करा. पाणी स्वच्छ येतं, थंड येतं. तळ्याच्या पाण्याने हगवण होते म्हणून असे हापसे गंगेच्या त्रिभुज प्रदेशात गावोगाव बसवले. गाळातल्या गंजाला इथे युरेनियम नाही, आर्सेनिक चिकटलेलं आहे. त्या वर्षी इथल्या गाळावर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी दाखवलं की अ‍ॅसिटेट मिळालेले, धातूवर श्वास घेणारे जिवाणू ते पाण्यात सोडवतात. रायफलमध्ये जे औषध होतं, ते इथे लोकांच्या तळहातांवर घट्टे उठवतं. ओंजळीतलं पिऊ नका, सांडून टाका. जिवाणू दोन्हीकडे एकच काम करत होता, त्याच्या जागी आपल्याला एकदा देव दिसला आणि एकदा राक्षस.

तरीही बसलेलं युरेनियम फार काळ बसून राहू शकतं, हेही खोटं नाही. पुन्हा अमेरिकेत, वायोमिंगमधल्या वालुकाश्माच्या थरांत उतरा. इथे वर्षं मोजायची भाषा सोडा, मनुष्यप्राणी अजून जन्मालाही आलेला नाही. ऑक्सिजनवालं पाणी दगडातून येतंय, त्यात विरघळलेलं युरेनियम आहे, आणि पुढे पुरलेल्या झाडपाल्यामुळे हवा संपलेला पट्टा लागतो. त्या सीमारेषेवर युरेनियम बसतं आणि चंद्रकोरीच्या आकाराचा साठा तयार होतो. पूर्वी भूगर्भवाले हे काम दगड-पाण्याच्या रसायनाचं समजत. 2017 मध्ये इथल्या न उकरलेल्या साठ्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यातलं बहुतेक युरेनियम जिवाणूंच्या हातून बसलेलं, सेंद्रिय पदार्थांना आणि कार्बोनेटला धरून राहिलेलं निघालं. इतका काळ ते हललं नाही याचं कारण एकच, तिथे हवा शिरली नाही. नंतर माणसाने खाण काढली.

शेवटचा टप्पा घरचा. 2006, मुंबई, ट्रॉम्बे, भाभा अणुसंशोधन केंद्र. एरवी इथे पासाशिवाय आत सोडत नाहीत, आपण गेटवरच्या माणसाला दिसत नाही म्हणून बरं. बाहेर मानखुर्दचा दमट वारा, आत रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा. दीप्ती अप्पुकुट्टन, ए. एस. राव आणि श्रीकुमार आपटे यांच्यापुढचा प्रश्न रायफलहून निराळा आहे. अणुकेंद्रातल्या सांडपाण्यात युरेनियम असतं आणि किरणोत्सारही असतो. जिओबॅक्टर तिथे कितीसा तगणार?

म्हणून त्यांनी घेतला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. याची जन्मकथा ऐकायला 1956 च्या ओरेगॉनमध्ये डोकावून या: डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रयोग चाललाय, आणि डबा तरीही नासलाय. त्यातून हा निघाला. परत या. या चिवट प्राण्याला युरेनियम बसवता येत नाही, म्हणून ट्रॉम्बेवाल्यांनी त्याच्यात विषमज्वराच्या जंतूचं एक जनुक घातलं. त्या जनुकापासून तयार होणारं विकर सेंद्रिय फॉस्फेटमधून फॉस्फेट तोडून बाहेर टाकतं, आणि ते फॉस्फेट युरेनियमला धरून पेशीच्या अंगाला चिकटतं. इथे इलेक्ट्रॉन कुणाच्या गळ्यात मारायचे नाहीत. युरेनियम सहा-संयुजीच राहतं, तरी बसतं. म्हणजे हवा लागली म्हणून ते पुन्हा सुटायचं कारण नाही. रायफलचा जो दुखरा भाग, तोच इथे नाही.

नळी हातात घ्या. 0.8 मिलिमोलर युरेनिल नायट्रेट, रायफलच्या भूजलातल्या युरेनियमच्या सहाशे ते दोन हजार पट. सहा तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त युरेनियम पेशींवर बसलं. याच जिवाणूला आधी 6 किलोग्रे गॅमा किरणांचा मारा दिला, तरी त्याचं हे काम चालूच राहिलं. माणूस पाचेक ग्रेमध्ये आटोपतो. गाळ तळाशी जमतो, वरचं पाणी ओतून वेगळं करता येतं, आणि गाळ हातात येतो. पाण्यातून धातू काढला असं इथे खऱ्या अर्थाने म्हणता येईल.

फक्त हे काम टाकीचं आहे. परक्या जंतूचं जनुक घातलेला जिवाणू कुणी माळरानाखाली सोडणार नाही, सोडूही नये. रायफलसारख्या जागी अजून तिथल्याच जिओबॅक्टरला हाताशी धरावं लागतं, आणि त्याला अ‍ॅसिटेट कोण वाढणार, किती वर्षं, कोणाच्या खर्चाने, हे पहिला नळ ठोकण्याआधी ठरवावं लागतं.